एटीसी कंट्रोलरांचा पगार, प्रशिक्षण, ड्यूटीचे तास: खासदारांच्या निवेदनात नेमकं काय मागायचं?

लोहगावकर

नमस्कार मंडळी. पुण्यातल्या आमच्या प्रवासी गटातर्फे खासदारांना दोन पानी निवेदन द्यायचं आहे. विषय हवाई वाहतूक नियंत्रकांचा, म्हणजे एटीसी कंट्रोलरांचा. पहिला मसुदा झाला, पण त्यात "पगार वाढवा, भरती करा, ताण कमी करा" याच्या पलीकडे काही नाही. अशा निवेदनावर "योग्य ती कार्यवाही सुरू आहे" एवढं उत्तर येतं आणि फाइल बंद होते.

इथे या क्षेत्रातले जाणकार आहेत म्हणून विचारतो. माणसं कमी आहेत हे कशावरून ठरवायचं? पगार वाढवला तर खरंच फरक पडतो का, की अडचण दुसरीकडेच आहे? प्रशिक्षणात लोक नेमके कुठे अडकतात? आणि ड्यूटीच्या तासांचे कोणते आकडे मागितले तर त्यांना पळवाट राहणार नाही? भाषणबाजी नको, आकडे आणि कारणं हवीत. उत्तर मोठं झालं तरी चालेल.

रनवे_सत्तावीस

आधी एक गोष्ट, नाहीतर निवेदन चुकीच्या मंत्रालयात जाईल. पुण्याच्या लोहगाव विमानतळावरचं नियंत्रण हवाई दलाकडे आहे. गोव्यात दाबोळीला ते नौदलाकडे आणि नाशिकजवळ ओझरला एचएएलकडे. भारतीय विमानतळ प्राधिकरणाचे, म्हणजे एएआयचे कंट्रोलर मुंबई, नवी मुंबई, जुहू, नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि मोपा इथे भेटतील. तेव्हा तुमच्या पगाराच्या मागण्या लोहगावच्या टॉवरला लागू होत नाहीत. पण पुण्याहून उडालेलं विमान थोड्याच वेळात मुंबईच्या कंट्रोलरच्या हाती जातं, त्यामुळे विषय तुमचा आहेच.

आता माणसांचं गणित. "मंजूर पदं किती, भरलेली किती" या प्रश्नावर अवलंबून राहू नका, कारण मंजूर पदांचा आकडाच जुन्या हिशोबावर बेतलेला असू शकतो. खालून वर मोजा. एक पोझिशन, म्हणजे एक हेडसेट आणि एक स्क्रीन, चोवीस तास चालू ठेवायची तर वर्षाला २४ गुणिले ३६५, म्हणजे ८,७६० तास. आता एक माणूस किती तास देतो ते पाहू. ३६५ मधून साप्ताहिक सुट्ट्यांचे १०४ दिवस वजा केले की २६१ राहतात. अर्जित रजेचे ३० दिवस काढले की २३१. किरकोळ रजा आणि आजारपण मिळून १२ धरले तर २१९. सिम्युलेटरवरचा सराव, रिफ्रेशर, मेडिकल आणि इंग्रजीची चाचणी यांना मिळून ९ दिवस. उरले २१०.

इथे नेहमीची चूक होते. २१० ला ८ ने गुणलं की १,६८० तास येतात आणि ८,७६० भागिले १,६८० म्हणजे एका पोझिशनला जेमतेम सव्वापाच माणसं पुरतील असं वाटतं. पण आठ तासांच्या पाळीत आठ तास मायक्रोफोनवर कुणी बसत नाही, बसवूही नये. दोन तास काम आणि अर्धा तास विश्रांती या हिशोबाने तीन फेऱ्यांत साडेसात तास जातात आणि उरलेला अर्धा तास ब्रीफिंगला लागतो. प्रत्यक्ष काम सहा तास. २१० गुणिले ६ म्हणजे १,२६०. आता ८,७६० ला १,२६० ने भागा: ६.९५. म्हणजे एका पोझिशनला सात माणसं. ज्या रडार सेक्टरवर (आकाशाच्या एका ठरलेल्या तुकड्यावर) एक्झिक्युटिव्ह आणि प्लॅनर असे दोघे बसतात, तिथे चौदा.

सव्वापाच आणि सात यांच्यातली ही पावणेदोन माणसं कागदावर दिसत नाहीत. रोस्टरमध्ये त्यांची उणीव ओव्हरटाइमच्या किंवा रद्द झालेल्या रजेच्या रूपात निघते. सगळ्यात वाईट म्हणजे दोन पोझिशन एकत्र करून एकाच माणसाकडे देणं. १ जुलै २००२ च्या रात्री झुरिकच्या नियंत्रण केंद्रात नेमकं हेच झालं होतं. दोन कंट्रोलरांपैकी एक विश्रांतीला गेलेला, दुसरा एकटा दोन स्क्रीनवर. देखभालीच्या कामामुळे रडार यंत्रणा कमी क्षमतेवर आणि फोनची मुख्य लाइन बंद. फ्रीड्रिशहाफेनला उशिरा येणाऱ्या एका विमानाचा फोन लावण्यात त्याचा वेळ गेला आणि युबरलिंगेनच्या आकाशात दोन विमानांची टक्कर होऊन ७१ जण गेले. शेजारच्या कार्लस्रुए केंद्राला धोका दिसत होता, पण त्यांचा फोन लागत नव्हता. त्या रात्री विश्रांतीला जाणं नियमाबाहेरचं असलं तरी तिथली रुळलेली पद्धत होती आणि व्यवस्थापनाने ती चालू दिली होती.

एकत्र केलेली पोझिशन नेहमीच धोकादायक असते असं नाही. पहाटे वाहतूक विरळ असताना ते रास्त आहे. प्रश्न असा विचारा: वाहतुकीप्रमाणे वेगळ्या ठेवायच्या पोझिशन माणूस नाही म्हणून किती तास एकत्र चालवल्या? ही नोंद प्रत्येक युनिटच्या लॉगबुकात असायलाच हवी. मंजूर पदांच्या आकड्यापेक्षा ती कितीतरी जास्त बोलते.

वेतनश्रेणी_ई१

गणित बरोबर आहे. पगाराचा मुद्दा मात्र तुम्ही बाजूला ठेवलात, तेवढा मी मांडतो.

एएआयमध्ये कंट्रोलर ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह म्हणून ई-१ श्रेणीत लागतो. मूळ वेतन ४०,००० पासून १,४०,००० पर्यंत, वार्षिक वाढ ३ टक्के. त्यावर औद्योगिक महागाई भत्ता, घरभाडं आणि मूळ वेतनाच्या ३५ टक्क्यांपर्यंतचे इतर लाभ. भरतीच्या जाहिरातीत सगळं मिळून वर्षाला सुमारे १३ लाख असा आकडा असतो. भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन बीएस्सी झालेल्या पंचविशीतल्या मुलासाठी ही सुरुवात वाईट नाही, हे मान्य करूनच पुढे बोलायला हवं. "कंट्रोलरला तुटपुंजा पगार" असं निवेदनात लिहिलंत तर पहिल्याच वाक्यात विश्वास जाईल.

दुखणं रचनेत आहे. पगार श्रेणीला मिळतो, पोझिशनला नाही. ई-१ वरून ई-३, ई-४ असं चढत गेलं की पगार वाढतो, मग तुम्ही मुंबईच्या अ‍ॅप्रोचवर (विमानतळाजवळ येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांच्या नियंत्रणावर) गर्दीच्या वेळी बसा किंवा दिवसाला चार विमानं उतरणाऱ्या ठिकाणी. उलट वर चढताना माणूस हळूहळू मायक्रोफोनपासून दूर टेबलाकडे सरकतो. म्हणजे सर्वांत अनुभवी हात सर्वांत अवघड पोझिशनवर टिकावेत यासाठी पैशाचं काहीच कारण उरत नाही. देशात नागरी कंट्रोलरला दुसरा मालक जवळजवळ नाहीच, त्यामुळे लोक नोकरी सोडत नाहीत आणि व्यवस्थापनाला वाटतं सगळं ठीक आहे. लोक नोकरी सोडत नाहीत, अवघड युनिट सोडतात. बदलीचे अर्ज मोजले की ते दिसेल.

अमेरिकेत याचं उत्तर वेगळ्या तऱ्हेने दिलं आहे. तिथे प्रत्येक केंद्राला वाहतुकीच्या प्रमाणावर आणि गुंतागुंतीवर ४ ते १२ अशी पातळी दिली जाते आणि पगाराचा पट्टा त्या पातळीवरून ठरतो. रात्रीच्या तासांना १० टक्के आणि रविवारी २५ टक्के जादा. शिकाऊ माणसाला शेजारी बसवून शिकवणाऱ्यालाही त्या तासांचे वेगळे पैसे. तिथे सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही. सरकारी शटडाऊनमध्ये ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच कंट्रोलरांना पगाराविना काम करावं लागलं आणि शेवटी ४० मोठ्या विमानतळांवरची उड्डाणं कमी करायची वेळ आली. पण पातळीप्रमाणे वेतन ही कल्पना घेण्यासारखी आहे.

आपल्याकडे आडवा येतो तो सार्वजनिक उपक्रम विभागाचा ऑगस्ट २०१७ चा वेतन आदेश. त्यात लाभांवर ३५ टक्क्यांची मर्यादा आहे. मर्यादेबाहेर कष्टाच्या कामासाठी मूळ वेतनाच्या १२ टक्क्यांपर्यंत भत्ता देता येतो, पण त्यासाठी दोनच कामं नमूद आहेत: जमिनीखालच्या खाणी आणि समुद्रातली तेलक्षेत्रं. नियंत्रण कक्षाचा उल्लेख नाही. म्हणून तुमची मागणी नेमकी अशी करा: चालू रेटिंग (पोझिशनवर एकट्याने बसायचा अधिकार) असलेल्या आणि प्रत्यक्ष पोझिशनवर बसणाऱ्या कंट्रोलरचा या यादीत समावेश करावा आणि भत्त्याचा दर युनिटच्या वाहतुकीप्रमाणे ठरवावा. हा निर्णय अर्थ मंत्रालयाच्या कक्षेत येतो, नुसत्या नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या नाही. दोघांनाही प्रत द्या.

आणखी एक कलम जरूर घाला. कंट्रोलरला क्लास ३ मेडिकल, म्हणजे वैद्यकीय पात्रतेचं प्रमाणपत्र लागतं. रेटिंगशी जोडलेला भत्ता मेडिकल तात्पुरतं नाकारलं गेल्याच्या दिवसापासून बंद झाला, तर झोपेत श्वास अडकण्याचा त्रास, नैराश्य, रक्तदाब या गोष्टी लोक डॉक्टरपासून लपवणार. तात्पुरत्या अपात्रतेच्या काळात निदान सहा महिने भत्ता चालू ठेवला तर होणारा खर्च किरकोळ आहे आणि आजार वेळेत उघड होतो. पगाराच्या सगळ्या मागण्यांपैकी सुरक्षिततेशी थेट जोडलेली हीच आहे असं मला वाटतं.

सिम_कक्ष

वरची दोन्ही उत्तरं चांगली आहेत, पण उद्या पैसे आणि पदं मंजूर झाली तरी कंट्रोलर परवा मिळत नाही. एएआयने २०२२ मध्ये ४००, २०२३ मध्ये ४९६ आणि २०२५ मध्ये ३०९ जागांची जाहिरात काढली. हे आकडे वाचून लोकांना वाटतं प्रश्न सुटला. जाहिरात, परीक्षा, आवाजाची चाचणी, मानसशास्त्रीय चाचणी, मेडिकल, मग प्रयागराज, हैदराबाद किंवा गोंदियाच्या प्रशिक्षण संस्थेतला वर्ग, मग युनिटवरची नेमणूक. यातून बाहेर पडलेला माणूसही अजून कंट्रोलर झालेला नसतो. त्याला एकट्याने बसायचा अधिकार देणारी गोष्ट म्हणजे रेटिंग, आणि रेटिंग त्या युनिटचं, त्या प्रकारच्या कामाचं असतं. टॉवरचं वेगळं, अ‍ॅप्रोचचं वेगळं, एरियाचं (मार्गातल्या विमानांचं) वेगळं, त्यातही रडारसह आणि रडारविना वेगळं.

आंतरराष्ट्रीय नियम, म्हणजे इकाओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचं परिशिष्ट १, टॉवरसाठी देखरेखीखाली किमान ९० तास किंवा एक महिना यातलं जे जास्त ते मागतं. अ‍ॅप्रोच आणि एरियासाठी १८० तास किंवा तीन महिने. गाडी इथे अडते. १८० तास ही किमान अट आहे, पण रोस्टर करणारा ती लक्ष्य म्हणून वापरतो. शिकाऊ माणसाचे तास सोयीने शांत वेळेत भरले जातात, कारण गर्दीच्या वेळी अनुभवी माणूसच हवा असतो. १८० तास पूर्ण होतात, पण त्यांत एकदाही पाऊस, रनवे बदल आणि रांगेत बारा विमानं हे सगळं एकत्र आलेलं नसतं. मग रेटिंग बोर्डासमोर उमेदवार नापास होतो किंवा त्याहून वाईट, कसाबसा पास होतो.

म्हणून तासांची वर्गवारी मागा. १८० पैकी किती तास गर्दीच्या वेळेचे, किती रात्रीचे, किती खराब हवामानातले, आणि मुंबईसारख्या ठिकाणी ०९-२७ ऐवजी १४-३२ धावपट्टी वापरात असतानाचे किती. पावसाळ्यात शिकायला बसलेल्या आणि जानेवारीत बसलेल्या माणसाच्या तासांची किंमत सारखी नाही. जो प्रसंग प्रत्यक्ष येत नाही, तो सिम्युलेटरवर उभा करायचा. त्यासाठी युनिटवरच्या सिम्युलेटरमध्ये त्या युनिटचीच हवाई हद्द, तिथलेच मार्ग, तिथलेच डोंगर हवेत. परक्या विमानतळाच्या नकाशावर सराव केला तर शब्द पाठ होतात, नजर तयार होत नाही.

नजर म्हणजे काय ते दोन आकड्यांत सांगतो. रडारवर मार्गातल्या विमानांत ५ सागरी मैलांचं अंतर लागतं. समोरासमोर येणारी दोन विमानं प्रत्येकी ४५० नॉटने उडत असतील तर जवळ येण्याचा वेग मिनिटाला १५ मैल, म्हणजे ते पाच मैल २० सेकंदांत संपतात. एक सूचना बोलायला पाच-सहा सेकंद, वैमानिकाने ती परत म्हणून दाखवायला तेवढेच, आणि विमान वळायला सुरुवात व्हायला आणखी काही. शिकाऊ माणसाला धोका "दिसतो" तेव्हा उशीर झालेला असतो. तो दीड-दोन मिनिटं आधी वाटायला हवा, आणि ते फक्त गर्दीच्या वेळी जाणत्या माणसाशेजारी बसून येतं.

तो जाणता माणूस म्हणजे ओजेटी प्रशिक्षक, प्रत्यक्ष कामावर शिकवणारा. शिकाऊ बोलत असतो, प्रशिक्षक दुसरा हेडसेट लावून शेजारी बसतो आणि गरज पडली तर आपलं बटण दाबून त्याचं बोलणं तोडतो. चूक झाली तर जबाबदारी प्रशिक्षकाची. आता रनवे_सत्तावीस यांच्या गणितातली पावणेदोन माणसं आठवा. त्या दिवशी कुणी आजारी पडलं की सुपरवायझर प्रथम प्रशिक्षकालाच पोझिशनवर बसवतो आणि त्या दिवसाचं प्रशिक्षण रद्द होतं. माणसं कमी म्हणून प्रशिक्षण रखडतं, प्रशिक्षण रखडलं म्हणून माणसं कमी राहतात. हे चक्र तोडायचा एकच मार्ग मला दिसतो: रोस्टरमध्ये प्रशिक्षकाचे तास वेगळ्या ओळीत लिहायचे, आणि ते वळवायचे असतील तर युनिट प्रमुखाची लेखी मंजुरी आणि कारण बंधनकारक करायचं.

बदल्यांबद्दलही लिहा. संभाजीनगरहून मुंबईला बदलून आलेला दहा वर्षांचा अनुभवी कंट्रोलर पहिल्या दिवशी मुंबईत शिकाऊच असतो. हजेरीपटावर तो एक माणूस मोजला जातो, पोझिशनवर शून्य. मुंबईहून गेलेला मात्र लगेच वजा होतो. जोपर्यंत येणाऱ्याला नव्या ठिकाणी रेटिंग मिळत नाही तोपर्यंत जाणाऱ्याला सोडू नये, एवढा साधा नियम केला तरी मोठ्या केंद्रांवरची उणीव बरीच भरून निघेल. आणि सहा महिने पोझिशनवर न बसलेल्याचं रेटिंग आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे चालू राहत नाही, त्यामुळे कार्यालयात बसलेल्या अधिकाऱ्यांना "उपलब्ध कंट्रोलर" म्हणून मोजू नका.

लोहगावकर

मनापासून आभार. "हजेरीपटावर एक, पोझिशनवर शून्य" हे मला माहीतच नव्हतं. एक शंका: बारा तासांची पाळी आणि मग जास्त सलग सुट्ट्या, अशी व्यवस्था बऱ्याच नोकऱ्यांत लोकांना आवडते. इथे ती का चालत नाही? आणि रात्रपाळीसाठी नेमके कोणते आकडे मागू?

पहाटेचा_वॉच

लोहगावकर, बारा तासांची पाळी कंट्रोलरांपैकी अनेकांना स्वतःलाच आवडते, कारण प्रवास वाचतो आणि सलग दिवस घरी मिळतात. म्हणूनच ही मर्यादा कर्मचाऱ्याच्या पसंतीवर सोडता येत नाही. सतत पडद्यावर लक्ष ठेवायच्या कामात दहाव्या-अकराव्या तासाला माणसाला आपण मंदावलोय हे जाणवत नाही.

ब्रिटनने १९९० च्या दशकापासून जे आकडे कायद्याने लावले ते आजही निवेदनात जसेच्या तसे घालता येतील. एक पाळी जास्तीत जास्त १० तास. दोन पाळ्यांमध्ये किमान १२ तास. सलग सहा दिवस किंवा ५० तासांनंतर सुट्टी. तीस दिवसांत ३०० तासांवर नाही. पोझिशनवर सलग दोन तास, मग किमान ३० मिनिटं विश्रांती. सलग दोन रात्रपाळ्यांनंतर किमान ५४ तास मोकळे. अमेरिकेने एप्रिल २०२४ मध्ये दोन पाळ्यांतलं अंतर १० तास आणि मध्यरात्रीच्या पाळीआधी १२ तास केलं, म्हणजे तिथेही आधी त्याहून कमी चालत होतं.

भारतात नियम नाहीत असं लिहू नका. इकाओने परिशिष्ट ११ मध्ये कंट्रोलरांच्या थकव्याचं व्यवस्थापन नोव्हेंबर २०२० पासून लागू केलं आणि डीजीसीए या विमान वाहतूक नियामकाचे 'वॉच ड्यूटी टाइम लिमिटेशन' (ड्यूटीच्या वेळेच्या मर्यादा) नावाचे नियमही आहेत. प्रश्न सवलतींचा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेच्या परिवहनविषयक स्थायी समितीने हवाई सुरक्षेवरच्या अहवालात नेमकं यावरच बोट ठेवलं, की कंट्रोलरांची कमतरता आहे आणि ड्यूटीच्या मर्यादांतून एएआयला सूट दिलेली आहे. तुमची मागणी: प्रत्येक सवलतीला शेवटची तारीख हवी आणि ती कोणत्या युनिटला, कोणत्या कलमातून, कोणत्या भरपाईच्या उपायासह दिली ते डीजीसीएच्या संकेतस्थळावर यावं.

रात्रीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण मुंबईची स्थिती युरोपातल्या बऱ्याच विमानतळांच्या उलट आहे. युरोपात मध्यरात्रीनंतर वाहतूक ओसरते. मुंबईत मध्यरात्रीनंतर आंतरराष्ट्रीय उड्डाणांची गर्दी असते, आणि युरोप व आखाताकडून आग्नेय आशियाकडे जाणारी विमानं रात्रीच भारतावरून पार होतात, त्यामुळे मुंबई आणि नागपूरचे वरचे सेक्टर जागे असतात. माणसाचं शरीर रात्री २ ते ६ मध्ये सर्वांत मंद असतं. म्हणजे गर्दी आणि ग्लानी एकाच वेळी. परदेशी नियमावलीतलं रात्रीचं मनुष्यबळ इथे तसंच उचलून चालणार नाही, रात्री दिवसाइतकीच माणसं लागतात.

सर्वांत घातक साखळी म्हणजे सकाळची पाळी दुपारी दोनला संपवून त्याच रात्री नऊला परत येणं. मध्ये सात तास, त्यातले दोन प्रवासात, आणि मुंबईच्या दुपारी गोंगाटात झोप येत नाही. कागदावर दोन्ही पाळ्या नियमात बसतात, अंतर बसत नाही. म्हणून नुसते पाळीचे तास मागू नका, पाळ्यांमधलं अंतरही मागा.

विश्रांतीची खोली हा मुद्दा क्षुल्लक समजला जातो. ती त्याच इमारतीत हवी, अंधारी, आवाजापासून दूर, आणि तिथे कक्षाशी जोडलेला फोन हवा. डुलकीनंतर माणूस १५ ते ३० मिनिटं पूर्ण भानावर नसतो. तेव्हा अर्ध्या तासाची डुलकी द्यायची तर विश्रांती एक तासाची धरावी लागते, उठवून थेट हेडसेट हातात देता येत नाही.

आणि हँडओव्हर, म्हणजे पोझिशनचा ताबा देणं. नवा माणूस आधी मागे उभा राहतो, मग दुसऱ्या जॅकमध्ये हेडसेट लावून बोलणं ऐकतो. जुना त्याला क्रमाने सांगतो: हवामान, कोणतं उपकरण बंद आहे, परिस्थिती काय, मग प्रत्येक विमान. सांगायचं राहून जातं ते बहुधा बोलून ठरवलेलं आणि कुठेच न लिहिलेलं: शेजारच्या सेक्टरला फोनवर दिलेला शब्द, वैमानिकाला दिलेलं आश्वासन, तात्पुरता थांबवलेला एखादा मार्ग. ताबा घेतल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत चुकांचं प्रमाण जास्त असतं, म्हणून जुन्याने लगेच उठून जायचं नाही, पाचेक मिनिटं शेजारी थांबायचं. माणसं मोजूनमापून असतील तर ही पाच मिनिटं सर्वांत आधी कापली जातात, कारण त्याला पुढच्या पोझिशनवर जायचं असतं. रोस्टरमध्ये पाळ्या एकमेकांवर १५ मिनिटं चढवा, हे कलम लिहायला सोपं आहे आणि त्याचा उपयोग मोठा आहे.

केबल_ट्रे

उपकरणांबद्दल थोडक्यात. ६ नोव्हेंबर २०२५ ला दुपारी दिल्लीत संदेश पोहोचवणारी स्वयंचलित यंत्रणा, एएमएसएस, बिघडली. रडार चालू होतं, रेडिओ चालू होता. फक्त फ्लाइट प्लॅन आपोआप पडद्यावर येणं थांबलं. तेवढ्यावर प्रत्येक प्लॅन हाताने भरावा लागला आणि दुसऱ्या दिवशी ८०० हून जास्त उड्डाणांना उशीर झाला. यंत्र बंद पडलं की त्याचं काम माणसावर येतं आणि तेही गर्दीच्या वेळी. सात जणांचं गणित सगळं सुरळीत असतानाचं आहे. बिघाडासाठी वेगळी राखीव माणसं, आणि वाहतूक ताबडतोब कमी करायचा अधिकार ड्यूटीवरच्या सुपरवायझरला वरून फोन न येता, हे दोन्ही हवं.

नोव्हेंबर १९९६ मध्ये चरखी दादरीला दोन विमानांच्या टकरीत ३४९ माणसं गेली, त्यानंतर दिल्लीत येण्याजाण्याचे मार्ग वेगळे केले गेले, विमानांत टक्कर टाळणारी यंत्रणा सक्तीची झाली. उपकरणं आणि नियम अपघातानंतर पटकन येतात. बिघाडाची नोंद करणाऱ्याला आधीच संरक्षण दिलं तर ते अपघाताआधी येतील. आज घटना नोंदवली की पहिली भीती असते ती रोस्टरवरून काढलं जाण्याची. चौकशीसाठी पोझिशनवरून बाजूला करणं योग्यच आहे, पण त्या काळात पैसे कापले जाणार नाहीत आणि जाणूनबुजून केलेला बेफिकीरपणा नसेल तर सेवापुस्तकात नोंद होणार नाही, हे लेखी हवं.

कलम_सहा

मंडळींनी मजकूर भरपूर दिलाय, आता तो विचारायचा कसा ते सांगतो.

खासदारांकडून तारांकित प्रश्न मागा. त्याचं तोंडी उत्तर असतं आणि पूरक प्रश्न विचारता येतात. अतारांकितला फक्त लेखी उत्तर. सूचना किमान १५ दिवस आधी द्यावी लागते, तेव्हा अधिवेशनाच्या तारखा पाहून मसुदा महिनाभर आधी पोहोचवा. प्रश्नात "सरकार काय पावलं उचलत आहे" हे शब्द अजिबात घालू नका, त्याचं उत्तर परिच्छेदभर येतं आणि हाती काही लागत नाही.

असं लिहा: गेल्या तीन वर्षांत युनिटनिहाय आणि सेक्टरनिहाय, महिन्याच्या शेवटच्या दिवशी चालू रेटिंग असलेले आणि प्रत्यक्ष रोस्टरवर असलेले कंट्रोलर किती? माणूस नसल्याने पोझिशन एकत्र चालवल्याचे तास किती? दोन पाळ्यांत १२ तासांपेक्षा कमी अंतर पडल्याचे प्रसंग किती? ओजेटी प्रशिक्षकांचे ठरलेले तास किती आणि प्रत्यक्ष झालेले किती? युनिटवर रुजू होऊन एक वर्षानंतरही पहिलं रेटिंग न मिळालेले किती? ड्यूटीच्या मर्यादेतून दिलेल्या सवलती किती, प्रत्येकीची मुदत कधी संपते?

हेच प्रश्न माहिती अधिकारातही एएआय आणि डीजीसीएला स्वतंत्र अर्जांनी टाका. शुल्क १० रुपये, ऑनलाइन भरता येतं, उत्तराची मुदत ३० दिवस. कुणाचंही नाव किंवा वैयक्तिक रोस्टर मागू नका, नाहीतर खासगी माहिती म्हणून कलम ८(१)(ञ) खाली नकार येईल. रडारची ठिकाणं, फ्रिक्वेन्सी, यंत्रणेचा आराखडा यांना हात लावलात तर सुरक्षेच्या कारणाने ८(१)(क) लागेल. फक्त महिनावार बेरजा मागा. "माहिती एकत्रित स्वरूपात ठेवलेली नाही" असं उत्तर आलं तर प्रत्येक युनिटला वेगळा अर्ज करा आणि सोबत पहिल्या उत्तरावर ३० दिवसांच्या आत प्रथम अपील टाका. ड्यूटीच्या तासांची एकत्रित नोंद ठेवलेलीच नाही असं लेखी उत्तर मिळालं, तर तो कागद निवेदनाला जोडून खासदारांच्या हातात द्या.